कनातीवरचा हात

गुरुवार, ९ जानेवारी १९४१

धोंडभट येऊन गेले. या पौषात दादाला घर सोडून बारा वर्षं पुरी. पत्ता नाही, पत्र नाही. अशा माणसाची बारा वर्षांनी पळसाच्या देठांची प्रतिमा करायची, तिला अग्नी द्यायचा आणि तो मेला असं धरायचं. दादाला मूल नाही. धाकटा भाऊ म्हणून अग्नी माझ्या हातचा. दिवस ठरला: अमावास्या, सोमवार ता. २७.

आईचा हट्ट. दोन महिने अंथरुणावर आहे. "रोज सपनात येऊन राहिला, बापू. पानी मागतो. मी तांब्या उचलते तर हात हलत न्हाई. मी जायच्या आधी त्याचं होऊ दे."

मी धोंडभटांना विचारलं, विधी केला आणि माणूस परत आला तर? म्हणाले, तर तो नव्यानं जन्मला असं समजून जातकर्मापासून सगळं पुन्हा. मुंज पुन्हा. बायकोशी लग्नही पुन्हा लावावं लागतं.

आतून वहिनी म्हणाल्या, "एकच लगीन बारा वर्षं पुरवून राहिले भटजी. दुसरं कुठं ठेवू?"

सौ. हसली. मग एकदम थांबली. २७ नंतर वहिनींचं कपाळ मोकळं होणार, हे तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं असावं.

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. हे माझं नेहमीचं.

शनिवार, ११

शाळेमागच्या मैदानात बोलपटाचा तंबू लागला आहे. भुताचा खेळ. सौ. आणि वहिनींना दिवेलागणीच्या खेळाला घेऊन गेलो. मध्ये कापडी पडदा. अलीकडे मशीन आणि पुरुष, पलीकडे बायका. पडदानशीन बायांनाही येता यावं म्हणून तंबूवाल्यानं ही सोय केलीय. कापडातून चित्र दोन्हीकडे दिसतं.

गोष्ट सामान्य. ओसाड महाल, विहिरीत ढकललेली नवरी, तिचा सूड. शेवटाकडे नायिका दिवा घेऊन कमानीत येते, दिवा विझतो, ती किंचाळते. सगळा तंबू तिच्याकडे पाहत होता. मी तिच्या मागे पाहिलं. का ते सांगता येत नाही. मागे लांबवर अंगण. पडद्याच्या अगदी कडेला एक माणूस उभा. किंकाळी त्याच्या गावीही नाही. त्यानं डावा पाय बगळ्यासारखा उचलला, त्यावर पाणी घेतलं, मग वाकून ओंजळीनं प्यायला. तोंड नीट दिसलं नाही. चित्र बदललं.

दादा.

लिहून पाहिलं. लिहिल्यावरही तसंच वाटतं.

रविवार, १२

घरात कुणाला बोललो नाही. आधी स्वतःला तपासलं पाहिजे.

मी नऊ वर्षांचा, दादा तेरा. हट्ट्याला, आमच्या गावी, शेतावर हळद शिजत होती. मी कढईच्या काठावर चढलो. (चढू नको असं त्यानं दोनदा सांगितलं होतं.) घसरलो. त्यानं मला ओढून बाहेर फेकलं आणि त्याचा डावा पाय उकळत्या पाण्यात गेला. पाय वाचला, पण पुढे रोज संध्याकाळी आग व्हायची. शेतावरून आला की आधी डाव्या पायावर पाणी, मग ओंजळीनं प्यायचं. ओतायला आधी आई असायची, लग्नानंतर वहिनी.

तो शेतावर राहिला. मी पुण्याला कॉलेजात गेलो.

बारा वर्षांपूर्वी माझे शाळेतले सोबती मास्तर हट्ट्याला जेवायला आले होते. दादानं त्यांना पाय दाखवला, कढईची गोष्ट सांगितली. मी म्हणालो, "हा पाय आणखी किती वर्षं दाखवत फिरणार आहेस?" सगळे हसले. दादाही हसला. सकाळी तो नव्हता.

हे वाक्य मी कुणाला सांगितलेलं नाही. इथेही आज पहिल्यांदाच.

तेव्हा प्रश्न असा: तंबूत मला दादा दिसला, की विधी टळावा म्हणून मी त्याला उभा केला? वर्गात मुलांना सांगतो, एकदा पाहिलं ते पाहिलं नव्हे. पुन्हा पाहा.

मंगळवार, १४ (संक्रांत)

पुन्हा गेलो. एकटा. नायिकेकडे बघितलंच नाही.

पाय डावाच. पण नवीन एक दिसलं. त्याच्या हातात तांब्या नाही. दोन्ही हात मोकळे. पाणी कडेच्या अंधारातून येऊन त्याच्या पायावर पडतं. मग ओंजळीत पडतं. ओतणारं कुणी नाही.

मागच्या रांगेत दोघं बोलत होते. "तो पाहिला का? तो खरा भूत हाय. ह्यायनं फोटो काढला अन् तो मधीच घुसला."

"व्हय, अन् त्याला पानी पाजायला त्याची सासू घुसली." हसले.

घरी सौ.ला विचारलं, तिला काही न सुचवता. कमानीच्या वेळी मागे कुणी होतं का?

"होता की एक. पाय धूत होता."

"कोणता पाय?"

"उजवा."

"नक्की?"

"उजवा म्हणजे उजवा. तिळगूळ घ्यायचं सोडून परीक्षा काहून घेऊन राहिले?"

उजवा. सौ.ची नजर चांगली आहे, आणि तिला पायाबद्दल काही हवं-नको नाही. म्हणजे डावा मी माझ्या मनानं केला.

बुधवार, १५

दिवस वाईट गेला. दुसऱ्या घंटेला काय शिकवलं आठवत नाही.

संध्याकाळी घरी हळदीकुंकू. मी आतल्या खोलीत वह्या तपासत होतो. बाहेर बायका तंबूचंच बोलत होत्या.

"कनातीवरचं पाहिलं का तुमी? आपल्या मागच्या? नुसता हात! कोपरापासून पुढं. बांगड्यांसगट."

"माझ्या डोक्यावरून गेला बाई. मी मान फिरवली तं हात हलून राहिला."

"त्या इहिरीतल्या नवरीचा."

"मी तं दोन दिस इहिरीवर गेले न्हाई. त्यायलाच धाडलं पान्याला."

खूप हसल्या. वहिनी म्हणाल्या, "भुताला बांगड्या भरतं कोन? कासाराला इचारा की."

पुरुषांच्या बाजूला असा कसलाही हात दिसलेला नाही. मी दोनदा पाहिलंय.

निघताना शेजारच्या काकू सगळ्यांना कुंकू लावत आल्या. वहिनींपाशी थांबल्या. "तुला... अमावास्येपस्तोर लावते हं बाई."

वहिनी म्हणाल्या, "मंग ठळक लावा. बारा दिस पुरलं पायजे."

शुक्रवार, १७

जुम्मा, शाळेला आठवड्याची सुट्टी. दुपारी तंबूत गेलो. मशीन चालवणारे करीमभाई, नांदेडकडचे, पन्नाशीचे, बोटं काळी. विडी ओढायला तंबूबाहेर आले होते. आत ओढत नाहीत.

मी विचारलं, पाय डावा की उजवा?

हसले. "मास्टरसाब, पडदे के पीछू सब उलटा दिखता. मरदाने का बायां, जनाने में दायां."

विज्ञान मी शिकवतो! तीन दिवस स्वतःला खोटारडा ठरवून बसलो होतो. सौ. खरं बोलली आणि मीही खरंच पाहिलं. तिथेच एका पेटीवर बसलो. आनंदानं. हे लिहिताना लाज वाटते.

मग हाताचं विचारलं. करीमभाईंनी पडद्याची एक बाजू दाखवली. किनार फाटली होती, कापून पुन्हा शिवलीय. पडदा वीतभर अरुंद झाला. "तस्वीर बाहर सांडती. पिछली कनात पे जा के गिरती. मालिक को बोला, नया कपडा लाओ. सुनता कौन?"

म्हणजे हात भुताचा नाही. चित्रातलाच आहे. माणूस पडद्यावर पडतो आणि त्याच्या शेजारचं कडेबाहेर सांडून बायकांच्या मागच्या कनातीवर जातं. अर्धं चित्र आम्ही पाहिलं, अर्धं त्यांनी. दोन्ही तुकडे एका जागी कुणीच पाहिलेले नाहीत.

"क्यों पूछ रहे?"

ओळखीचा वाटतो, एवढंच म्हणालो.

करीमभाईंचं हसणं गेलं. म्हणाले, जिथं जातो तिथं कुणी ना कुणी त्याला ओळखतं. बसमतला एक म्हातारी रोज येत होती, मेरा पोट्टा है म्हणायची. पूर्णेला एकाचा चुलता निघाला. "चेहरा साफ नहीं ना. इसलिए सब का हो जाता."

घरी येईपर्यंत आनंद संपला.

शनिवार, १८

मधल्या सुट्टीत गेलो. शाळेतलं भिंग खिशात. (हेडमास्तरांना न विचारता घेतलं. सांगितलं पाहिजे.) करीमभाईंनी ते रीळ उलगडलं आणि फीत उन्हात धरली. नखाएवढी चित्रं, एकाखाली एक.

चित्रात कडेचं काही कापलेलं नाही. माणूस एका पायावर उभा. त्याच्या शेजारी, अगदी काठाशी, एक हात. बाईचा. कोपरापर्यंत बांगड्या, मुठीत तांब्याची कड. तांब्या कललेला. पाणी पायावर.

पुढच्या वीसेक चित्रांत हात वर सरकतो. आता पाणी ओंजळीत.

बाई दिसत नाही. तिचं बाकी सगळं चित्राच्या बाहेर राहिलं.

मीच पुरे म्हणालो.

सोमवार, २०

हेडमास्तरांना भिंगाचं सांगितलं. त्यांना कळलंच नाही मी काय सांगतोय.

आई आज शुद्धीवर बरी. तेच सुरू केलं. "तो तहानलेला हाय, बापू."

माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, "आई, मी त्याला पाणी पिताना पाहिलं."

तिनं मान वळवली. "सपनात?"

"नाही... हो. तसंच."

"कोन देऊन राहिलं त्याला पानी?"

वहिनी पायथ्याशी आईच्या तळव्याला तेल चोळत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. मी त्यांच्या हातांकडेच पाहत होतो, हे त्यांनी पाहिलं असेल का?

तोंडावर न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी आजवर मानत आलो. आता खात्री नाही.

बुधवार, २२

काल खेळात फीत तुटली, नेमकी तिथेच. जोडताना बरीच चित्रं काढून टाकावी लागतात. करीमभाईंनी त्यातली तीन माझ्यासाठी ठेवली होती. पायावर पाणी पडतानाची. कागदात गुंडाळून दिली. "चिमनी के पास नक्को ले जाना. बारूद है ये, बारूद." या पानात ठेवली आहेत.

जाहिरातीच्या तळाशी कंपनीचं नाव-गाव आहे. पत्र टाकलं: अमुक प्रसंगात मागे उभा असलेला माणूस कोण, कुठला, त्याचं नाव काय. चार वेळा खोडून लिहिलं. पहिल्या खर्ड्यात "माझा भाऊ" लिहिलं होतं. मग "माझ्या भावासारखा दिसणारा". मग नुसतंच "एक इसम".

उत्तर २७च्या आत येणं शक्य नाही. धोंडभटांकडे गेलो. पुढची अमावास्या धरली तर? म्हणाले, "मी धरीन हो गुरुजी. तुमच्या आई धरतील का?"

आईचा श्वास आज फार वरवर चालला आहे.

शुक्रवार, २४

तंबू उठला. डोंगरकडा गावाला गेला. मैदानात खुंट्यांची भोकं आहेत. कनातीच्या रांगेतली मोजत चाललो होतो, मध्येच भान आलं.

सौ. विचारते काय झालंय. काही नाही म्हणतो. जेवण जात नाही. दादा जिवंत असेल तर मी सोमवारी जिवंत माणसाला अग्नी देणार. मेला असेल तर बारा वर्षं तहानलेला ठेवला. (प्रेत, तहान, हे मी मानत नाही. मग हे वाक्य लिहिलं कुणी?)

वहिनींना सांगायचं तर हातासकट सांगावं लागेल. हात वगळून सांगणं म्हणजे त्या पडद्यासारखं.

शनिवार, २५

अंगणात पळसाच्या पानांचा ढीग. देठ तीनशे साठ लागतात. वहिनी एकट्याच बसून मोडत होत्या. मी समोर बसलो. त्यांनी पानं माझ्याकडे सरकवली, जणू मी मदतीलाच आलोय.

शेवटी म्हणालो, "वहिनी, दादा जिवंत असला तर?"

"त्या पाय धुणाऱ्याचं म्हणून राहिले का?"

माझ्या हातातलं पान तसंच राहिलं.

"ओळखलं होतंत?"

"पैल्याच दिशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलाल म्हून. तुमी तं जाऊन जाऊन येऊन राहिले, भावजी."

मी घाईघाईनं सगळं सांगितलं. तोंड स्पष्ट नाही, बसमतची म्हातारी, पूर्णेचा चुलता. हाताचंही सांगितलं. मग म्हणालो की बोलपटात कामाला माणसं ठेवतात, ती बाई कुणीही असेल, तिला तिथं उभं राहून पाणी ओत म्हणून सांगितलं असेल.

वहिनी म्हणाल्या, "हात मी कनातीवर पाहिला. तोंड कोन पाहतं? आधी पाय, मंग ओंजळ. न सांगता कोन्या बाईला कळंल हे? मी नवी आले तवा आधी ओंजळीतच ओतलं व्हतं. मला त्यायनं शिकवलं. तिलाबी शिकवलं."

"तसंच असेल असं नाही."

"मला अक्षरं तुमीच शिकवली ना, भावजी? मंग आता येडी काहून समजून राहिले?"

मी म्हणालो, विधी थांबवतो. आईला काहीतरी सांगतो. जिवंत माणसाला अग्नी देणार नाही.

"द्या."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही.

"द्या म्हणते. बारा वर्सं दार वाजलं की उठते मी. वारा असला तरी उठते. कुंकू हाय म्हून साखऱ्याला भावाकडं जाऊन राहता येत न्हाई. मानूस न्हाई म्हून इथं... तुमाला वाटतं तुमी माझं कुंकू राखून राहिले. तुमाला ते जिते पायजेत. तुमी बोलले व्हते ना त्यायला, पायाचं. मी दाराआड व्हते."

बारा वर्षं. या बाईनं मला बारा वर्षं जेवण वाढलंय.

विचारलं, "त्यामुळंच गेला का दादा?"

"मला काय ठावं? मलाबी सांगून गेले न्हाईत." मग देठ जुळवत म्हणाल्या, "बांगड्या तिच्या हातात हायेत. माझ्या फोडल्या काय, न् ठेवल्या काय."

रविवार, २६

आईला अग्नी हवा. वहिनींना हवा. नको असलेला मी एकटा, आणि मला का नको ते काल अंगणात कळलं.

तरीही खोटं ते खोटंच. संकल्पात नाव घेऊन तो मृत असं म्हणायचं. माझ्याजवळ तीन चित्रं आहेत आणि मी म्हणायचं मृत. कोर्टात असं बोलणाऱ्याला काय म्हणतात?

उद्या आजारी पडावं असं दिवसभर वाटत होतं. पडलो नाही.

प्रतिमा वहिनींनीच बांधली. धोंडभट नको म्हणत होते. लोकरीच्या दोऱ्यानं देठ बांधले, वरून सातूचं पीठ कालवून लिंपलं. डोक्याला नारळ. ओसरीवर ठेवलीय. लांबी दादाएवढी वाटते, पण मला दादाची उंची नक्की आठवत नाही.

सोमवार, २७ (अमावास्या)

संध्याकाळ. जमेल तसं लिहितो.

कयाधू नदीच्या काठी सकाळी. वहिनी आल्या, कुणाचं ऐकलं नाही. संकल्प सांगताना नाव मी पुटपुटलो. धोंडभट म्हणाले, मोठ्यानं. मोठ्यानं घेतलं.

अग्नी द्यायच्या आधी मी कलशातलं पाणी प्रतिमेच्या डाव्या पायावर ओतलं. का ते माहीत नाही, हात गेला. धोंडभट म्हणाले, "गुरुजी, हे विधीत नाही." म्हणालो, माहीत आहे.

देठ ओले, नुसता धूर. मग जाळ छातीपाशी पोचला आणि एकदम पांढरा भडका उठला, हातभर, फुस्सकन. सगळे मागे सरले. कुणी म्हणालं, सुटला बिचारा. धोंडभटांनी हात जोडले.

मला वास ओळखीचा वाटला. करीमभाईंनी फीत उलगडली तेव्हा आला होता तसाच, आता जळका.

घरी येऊन ही वही उघडली. २२ तारखेच्या पानात कागदाची पुडी होती. आत तीन बारीक कापट्या, शिवणाच्या कात्रीनं कापलेल्या. प्रत्येकीवर हात, बांगड्या, तांब्याची कड. माणूस नाही.

माणूस वहिनींनी पिठाखाली लिंपला होता.

म्हणजे वही उघडली. किती वाचली असेल? विचारण्याचं धाडस नाही.

मंगळवार, २८

आई रात्रभर झोपली. सकाळी पेज प्यायली. म्हणाली, "आला न्हाई आज." चेहरा मोकळा. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

वहिनींचं कपाळ. लिहीत नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी (रथसप्तमी)

वहिनी साखऱ्याला भावाकडे गेल्या. गाडी दारात, एक ट्रंक, एक गाठोडं. सौ. रडली. आई झोपेत होती.

मी म्हणालो, वहिनी, कंपनीला पत्र टाकलंय. उत्तर आलं तर कळवू का?

गाडीत बसल्या. पदर नीट केला. "मला नगा कळवू. माझ्याच्यानं झालं तेवढं केलं." मग गाडी हलता हलता म्हणाल्या, "आता दार वाजलं तं तुमी उठा, भावजी."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सुट्टी. सौ.ला हट्ट्याला जातो म्हणून सांगितलं आणि डोंगरकड्याला गेलो. लग्न झाल्यापासून तिच्याशी पहिलं सरळ खोटं.

तोच पडदा, तीच शिवलेली किनार. कमान, दिवा, किंकाळी. ती चित्रं गेली तिथं तो आता दचकल्यासारखा होतो: पाय हवेत, आणि लगेच पाणी ओंजळीत. पायावरचं पाणी नाही. आग तशीच राहत असेल.

पण तो उभा आहे. मी अग्नी दिला त्याला आज अकरा दिवस झाले, आणि तो एका पायावर उभा आहे, आणि पितो आहे.

करीमभाईंनी मला पाहिलं. निघताना म्हणाले, इथेही एक बाई आली होती. नवरा म्हणत होती.

मी तिचं नाव-गाव विचारणार होतो. विचारलं नाही. तिचा असेल तर माझा नाही. एवढंही ऐकण्याची ताकद उरली नव्हती, की ऐकायचंच नव्हतं?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पोस्टमनला गाठून सांगितलं, माझ्या नावाचं पत्र आलं तर घरी देऊ नको, शाळेत दे.

"खास हाय का काही, गुरुजी?"

"नाही."

दादाचं जिवंत असणं आता माझ्या एकट्यापाशी आहे. आईपाशी तो शांत झाला. वहिनींपाशी संपला. उत्तर "होय" आलं तर ते कुणाला सांगायचं? आणि आलंच नाही तर? कापट्या याच वहीत आहेत. जाळाव्या म्हटलं, पण आता दादाचा तेवढाच पुरावा आहे, आणि त्यात दादा नाही.

आज पोस्टमन शाळेवरून सरळ पुढे गेला.

दिवे लावायच्या वेळी दार वाजलं. सौ. म्हणाली, "बसा, काकू असतील, विरजण मागून राहिल्या होत्या सकाळी. मी पाहते."

मी आधीच उठलो होतो.